दुपारची रिकामी पुडी

सोमवार, ३ तारीख

आजपासून दोन वह्या. एक दवाखान्याची, एक माझी. दवाखान्याच्या वहीत काय खाल्लं, किती वाजता झोपले, कुठली गोळी कधी घेतली ते लिहायचं आणि नर्सला दाखवायचं, म्हणजे माझं डोकं जागेवर आहे की नाही ते त्यांना कळणार. ही वही कुणाला दाखवायची नाही. हिच्यात मी खरं लिहिणार. खरं लिहायचं तर दोन-चार शिव्या येणारच.

झालं एवढंच. मागच्या गुरुवारी दुपारी दूध तापत ठेवलं आणि मला खुर्चीतच झोप लागली. पातेलं जळून कोळसा. धूर बघून खालच्या मजल्यावरचे मास्तर वर आले आणि दार वाजवून वाजवून दमले. त्याच्या आदल्या आठवड्यात नळ चालू राहिला होता, तोही दुपारीच. तेवढ्यावर मुलाने आणि सूनबाईने ठरवून टाकलं, आई विसरायला लागली.

"आई, तुला आता एकटीला झेपत नाही," मुलगा म्हणाला.

"चाळीस वर्षं कात्री चालवली. एक बोट तरी कमी दिसतंय का? मोज."

"अगं, उद्या घर पेटलं म्हणजे?"

सूनबाई साखरेत घोळून बोलते. म्हणाली, "आमच्याकडे चला ना आई. खिडकीजवळची जागा तुम्हालाच देऊ." जागा म्हणे! खोली नाही, जागा. कुंडीला देतात तशी. माझं शिलाईचं मशीन तिथे मावणार नाही, ते कुणाला तरी देऊन टाकायचं.

डॉक्टर सतरा तारखेला वही बघून सांगणार, मी एकटी राहू शकते की नाही. तोवर गॅसची शेगडी सूनबाई उचलून घेऊन गेली. दुसऱ्याच्या घरातली वस्तू न विचारता नेली तर त्याला काय म्हणतात, ते मला चौथीपर्यंतच्या शाळेत शिकवलं होतं.

मंगळवार, ४ तारीख

डॉक्टरांनी शनिवारी घड्याळाचं चित्र काढायला लावलं. अकरा वाजून दहा मिनिटं. काढलं. मग विचारतात, आज वार कोणता? मी म्हटलं, "तुम्हीच मला बोलावलंत, तुम्ही विसरलात का?" नर्स हसली. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. हसण्यासारखं नसावं.

आज औषधं आणली. औषधवाल्याकडे महिन्याभरापूर्वी नवं यंत्र आलंय. आधी तो हाताने पुड्या बांधायचा. सकाळच्या पुडीवर सूर्य, दुपारच्या पुडीवर छत्री, रात्रीच्या पुडीवर चंद्र काढून द्यायचा. अडाण्यालाही कळेल असं काम. आता औषधांची यादी डॉक्टरांच्या कॉम्प्युटरमधून परस्पर त्याच्या कॉम्प्युटरमध्ये जाते, माझ्या हातात कागद म्हणून येत नाही. यंत्र पुड्यांची लांब माळ ओकतं आणि प्रत्येक पुडीवर वेळ छापलेली. कानामागून आली आणि तिखट झाली.

डॉक्टरांनी गेल्या महिन्यात दुपारची गोळी बंद केली, असं मला वाटतं. पण याही माळेत दुपारची पुडी आहेच, आणि तिच्यात पिवळी गोळी. पिवळी पूर्वी रात्री असायची. रात्रीची पुडीच नाही. मी औषधवाल्याला म्हटलं, "बाबा रे, दुपारची बंद केली ना?"

"आजी, बदललं असेल डॉक्टरांनी. तुम्हाला आठवत नसेल."

"तुझं यंत्र चुकत नसेल कशावरून?"

"यंत्र चुकत नाही हो आजी. माणूस चुकतो."

मागे रांगेत चार माणसं. त्यातली एक बाई माझ्याकडे बघून मान हलवत होती, बिचारी म्हातारी म्हणून. तिला एक लगावून द्यावीशी वाटली.

पण या वहीत खरं लिहायचं ठरलंय. त्या क्षणी माझी मलाच शंका आली. डॉक्टर नेमकं काय म्हणाले होते? दुपारची बंद, की दुपारची बदल? मला नक्की सांगता येईना. मी पुडी घेऊन घरी आले आणि गेला महिनाभर घेतेय तशीच, वर छापलं होतं तसं दुपारी पिवळी गोळी घेतली.

गुरुवार, ६ तारीख

भिंगरी आली होती. माझी नात. एका जागी टिकत नाही म्हणून मीच ठेवलेलं नाव, आता तिशीकडे चालली तरी तेच. तिचं ऑफिस इथून दोन रस्ते पलीकडे. यंत्रांसाठी प्रोग्राम लिहितात तिथे. आल्यापासून माझ्याशी सावकाश आणि मोठ्याने बोलत होती. "आ-जी, क-शी आ-हेस?"

मी म्हटलं, "बहिरी झाले असं ठरलं नाहीये अजून. त्याची वही वेगळी मिळेल."

मग जरा माणसात आली. ऑफिसात तिचं कौतुक झालं म्हणून खुशीत होती. मी विचारलं, काय दिवे लावलेस? तर सांगायला बसली. सी नावाची एक भाषा आहे, कॉम्प्युटरला हुकूम द्यायची. तिच्यात लांबच्या लांब ओळी येतात आणि त्यांचे तुकडे करायचे असतात. मध्ये उभ्या रेघा असतात, रेघ आली की तिथे कापायचं.

"भाषेबरोबरच एक कात्री मिळते, स्ट्रटोक नावाची," ती म्हणाली. "एक तुकडा कापून हातात देते. मग म्हणायचं, पुढचा दे, पुढचा दे, संपेपर्यंत. असं फिरत राहणं म्हणजे लूप."

"मूळ ओळच कापते?"

"हो ना! रेघेच्या जागी शून्य ठोकते. मूळ ओळीची वाट."

"मूर्ख कात्री. आम्ही आधी कागदावर बेतायचो, मग कापडाला हात."

"म्हणून मी आधी ओळीची नक्कल काढते आणि नकलेवर कात्री चालवते. पण तिची दुसरी खोड वाईट, आजी. तिला एकच खूण लक्षात राहते. मोठा तुकडा कापताना त्याच्या आतले छोटे तुकडे करायला गेलं, की बाहेर कुठवर आलो होतो ते साफ विसरते."

"मग तिलाही वही लिहायला लावा," मी म्हटलं.

खुर्चीतून पडेपर्यंत हसली. "तेच केलं की! तिची एक बहीण आहे, नावाच्या शेवटी आर लागतो. तिच्या हातात आपण स्वतः खूण ठेवायची. बाहेरच्या लूपला एक खूण, आतल्या लूपला दुसरी. आता एकदम सुरक्षित. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, असं काम करायचं असतं."

कसलं यंत्र ते मी विचारलं नाही. तपासून बघायला तिने मागे माझीच जुनी औषधांची चिठ्ठी नेली होती, तेवढं आठवतं. बघा, आठवतं. पण विसरते म्हणून वही कुणाला? मला.

शनिवार, ८ तारीख

दुपारी गोळी घेतली आणि दोन तास मेल्यासारखी झोपले. उठले तेव्हा तोंडाला कोरड आणि पाय दुसऱ्याचे. संध्याकाळी खाली उतरले तर मास्तर बाकावर मान टाकून घोरतायत. शाळेत पोरांना डुलकी लागली तर खडू फेकून मारायचे म्हणे. मी शेजारचा खडा उचलला होता, पण नाही मारला.

जागे झाल्यावर म्हणतात, "हल्ली दुपारनंतर डोळे उघडेच राहत नाहीत."

त्यांच्याकडून कुणी वही लिहून घेत नाही. त्यांची शेगडी त्यांच्या ओट्यावर आहे. पुरुष झोपला तर विश्रांती, बाई झोपली तर म्हातारचळ.

सोमवार, १० तारीख

नर्सने दवाखान्याची वही मधेच तपासली. शुक्रवार आणि रविवार कोरे. "आजी, या दोन दिवशी काय झालं ते आठवलं नाही का?"

"काही झालंच नाही. काय लिहू?"

"आठवलं नाही की झालं नाही?"

आता याला काय उत्तर आहे! न झालेली गोष्ट आठवून दाखवा म्हणतात. तिने दोन्ही कोऱ्या जागांवर लाल पेनने गोल केला. आयुष्यात एवढं काम केलं, शेवटी रिकामपणाचा हिशोब माझ्याकडून मागतायत.

घरी आले तर एक अनोळखी बाई माझं मशीन बघायला आलेली. सूनबाईने पाठवलेली. पायडल हलवून बघते आणि म्हणते, "थोडं जड चालतं." मी म्हटलं, "माणसं ओळखतं ते."

बुधवार, १२ तारीख

मास्तर जिन्यावरून पडले. भर दुपारी. मनगट मोडलं. मी आवाज ऐकला आणि धावले, धावले म्हणजे कठडा धरून उतरले, कारण माझंही डोकं गरगरत होतं. पायरीवर बसून ते हात पोटाशी धरून एवढंच म्हणाले, "पायरी दिसली होती हो, पाय उचलायचा राहिला."

त्यांची लेक आली. औषधवाला आला. सगळ्यांनी एकच वाक्य म्हटलं, "वय झालं." जणू वय हा कुणी गुंड आहे आणि त्यानेच ढकललं.

शनिवार, १५ तारीख

आज काय झालं ते मला नीट कळलेलं नाही. घडलं तसं लिहिते.

भिंगरी जेवायला आली. परवा डॉक्टरांकडे जायचं, म्हणून मी चिडलेली होते. लाल गोल दाखवले तिला. म्हटलं, "आमच्या कारखान्यातल्या पोरींना होती तेवढी अक्कल या नर्सला नाही."

"कसली अक्कल?"

मग सांगितलं. आम्ही गणवेशाचे शर्ट कापायचो. एका शर्टाचे तुकडे एकावर एक ठेवून गठ्ठा बांधायचा, क्रम ठरलेला. कॉलर, बाही, कफ, खिशाची झाकणी. शिवणारी पोरगी वरून एकेक उचलणार, बघणार नाही, तिचे हात चालू. अर्ध्या बाहीचा शर्ट आला की त्याला कफ नसतो. पहिल्या वर्षी आम्ही कफाच्या जागी काहीच ठेवलं नाही. पोरीने तिसरा तुकडा उचलला, कफ समजून बाहीला लावला. पूर्ण गठ्ठाभर शर्टांना दंडावर खिशाच्या झाकण्या! मालक असा नाचला की बस. तेव्हापासून नियम. जिथे तुकडा नाही तिथे कागदाची चिठ्ठी ठेवायची, वर फुली. फुलीची चिठ्ठी हाताला लागली की पोरगी समजायची, ही जागा रिकामी आहे आणि ती रिकामीच मोजायची. नाहीतर मागचं सगळं एकेक घर पुढे सरकतं.

"हे त्या नर्सला कोण सांगणार," मी म्हटलं आणि दुपारची पुडी फाडली.

भिंगरीने माझ्या हातातून पुडी ओढून घेतली. उजेडात धरली. कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली. विचारलं, "ही पिवळी दुपारी? कधीपासून?"

"नवं यंत्र आल्यापासून. दुपारची गोळी बंद केली तेव्हापासून. म्हणजे मला वाटतं बंद केली. मला काय, मी विसरते."

ती पांढरी पडली. घास तसाच हातात. मी म्हटलं, पोटात कळ आली का? नाही म्हणाली. "आजी, ही आज घेऊ नकोस. रात्री घे." आणि जेवण टाकून निघून गेली. सँडल नीट न घालता.

पोरीचं बाहेर काहीतरी बिघडलेलं दिसतंय. आणि सगळेच मला औषधं शिकवतात.

पण दुपारी गोळी घेतली नाही, तर झोप आली नाही. मशीनवर बसून उशीची खोळ शिवली. एक टाका वाकडा नाही.

रविवार, १६ तारीख

भिंगरी सकाळीच आली. दारातच म्हणाली, "आजी, तू विसरत नाहीस. मी चुकले. औषधवाल्याच्या यंत्रातला प्रोग्राम माझाच आहे."

खाली बसून तिने कागदावर ओळ काढली. सकाळच्या गोळ्या, उभी रेघ, दुपारच्या, उभी रेघ, रात्रीच्या. माझी दुपारची बंद झाली तशा दोन रेघा शेजारी शेजारी आल्या, मध्ये काही नाही. "ती कात्री ना आजी, दोन रेघा एकत्र दिसल्या की त्यांना एकच समजते. मधला रिकामा तुकडा देतच नाही, गिळून टाकते. तिची बहीणही तशीच. मी तीन तुकडे मागितले, तिने दोनच दिले. दुसरा आला तो मी दुपारचा समजून छापला."

"म्हणजे दंडावर खिसा."

"हो."

"आणि तपासलं कशावर होतंस?"

"तुझ्या जुन्या चिठ्ठीवर." तिने मान खाली घातली. "तेव्हा तुझे तिन्ही रकाने भरलेले होते."

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मी पंधरा दिवस मनात म्हणत होते. आज कळलं, चोर माझ्याच ताटात जेवत होता. औषधवाल्याला शिव्या दिल्या, नर्सला दिल्या, सुनेला दिल्या. आपलंच नाणं खोटं निघालं की शिव्यासुद्धा फुकट जातात.

"मास्तरांची दुपार रिकामी आहे का?" मी विचारलं.

तिने तो कागद चुरगाळला. मग म्हणाली, "या एका दुकानात एकतीस जणांची आहे."

"मग इथे काय करतेस?"

"साहेबांना कालच सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या आठवड्यात गुपचूप दुरुस्ती पाठवू. कुठे बोलू नकोस. बोललीस तर तुझी जबाबदारी."

अस्सा राग आला! "पुढचा आठवडा? म्हणजे एकतीस माणसांनी अजून सात दुपारी पेंगायचं, आणि तुझ्या साहेबाने गुपचूप? मास्तरांचं मनगट गुपचूप मोडलं का? मला कुंडीसारखं खिडकीत ठेवायला निघाले ते गुपचूप का? तुझा बाप मला वेडी ठरवतोय आणि तुला दुरुस्ती पाठवायची आहे!"

"माझी नोकरी जाईल, आजी."

"जाईल की राहील ते मागाहून. आज औषधवाल्याचं दुकान दुपारपर्यंत उघडं असतं. गोळ्या घ्यायच्या वेळेआधी जायचं. चपला घाल, आणि नीट घाल."

रडायला लागली. मी पाणी दिलं. डोळे पुसून दिले नाहीत. तिचे तिला पुसता येतात.

सोमवार, १७ तारीख

कालचं दुकानातलं आधी लिहिते, रात्री लिहायला हात उचलवत नव्हता. दुकानात भरपूर गर्दी. भिंगरी माझ्यामागे लपायला बघत होती, मी बाजूला झाले. तिने सगळ्यांसमोर सांगितलं, प्रोग्राम मी लिहिला, रिकामी दुपार तो गिळतो, रात्रीची गोळी दुपारी छापली जाते. औषधवाला हसायला लागला. मग पुड्या आणि डॉक्टरांची यादी शेजारी ठेवून बघितली आणि हसायचं थांबला. मी म्हटलं, "काय रे, यंत्र चुकत नाही ना? मग आता छत्री आणि चंद्र काढायला बस." बसला. भिंगरी आणि तो, दोघांनी एकतीस जणांना फोन केले. मास्तरांचा फोन तिने नाही केला. त्यांच्या दारात गेली. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, मी जिन्यात थांबले होते. बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "त्यांनी मला चहा दिला, डाव्या हाताने केलेला."

आज डॉक्टरांकडे. मुलगा, सूनबाई, भिंगरी, सगळी वरात. डॉक्टर म्हणाले, पिवळी गोळी झोपेची आहे, दुपारी घेतली तर कुणीही पेंगेल, आणि दुपारची दुसरी गोळी मी बंदच केली होती. बंद! बदल नाही. माझं डोकं बरोबर होतं आणि मीच त्याच्यावर शंका घेतली, दुसऱ्यांच्या सांगण्यावरून. सगळ्यात जास्त राग मला याचाच आलाय.

"आजी एकट्या राहू शकतात," डॉक्टर म्हणाले.

मुलगा जिन्यात म्हणाला, "आई, तू तेव्हाच ठासून सांगायचं होतंस ना."

"सांगितलं होतं. तुम्ही वही दिलीत."

त्यावर त्याने माझी पिशवी घेतली हातातून. हलकी होती, तरी दोन्ही हातांनी धरून चालला.

गुरुवार, २० तारीख

शेगडी आली. सूनबाईने घासून आणली, चमकतेय. मी म्हटलं, "मशीन बघायला आलेल्या बाईला सांग, आता हलकं चालतं." तिला कळलं की नाही कोण जाणे.

भिंगरीची नोकरी अधांतरी आहे. साहेब तिच्याशी बोलत नाही, पण दुरुस्ती तिच्याकडूनच करून घेतो. लाज बरी नाही वाटत. तिने आता दुसरी कात्री घेतलीय, स्ट्रसेप. ही दोन रेघांमधला रिकामा तुकडाही हातात आणून देते. कापते मूळ ओळच, म्हणून नक्कल आधी काढायचीच. आणि तीनपेक्षा कमी-जास्त तुकडे आले तर यंत्र काही न छापता थांबतं, असं केलंय.

"तपासणार कशावर?" मी विचारलं.

"तूच सांग."

सांगितल्या तशा चिठ्ठ्या बसून लिहिल्या आम्ही. फक्त सकाळ रिकामी. फक्त रात्र रिकामी. सकाळ-दुपार दोन्ही रिकाम्या. तिन्ही रिकाम्या. एका चिठ्ठीत रेघाच नाहीत. एका चिठ्ठीत रेघ जास्त. आणि एक अगदी कोरी. ती म्हणाली, अशी चिठ्ठी कोण देईल? मी म्हटलं, "तुझ्या आजीची दुपार रिकामी होईल असं तरी कुठे वाटलं होतं तुला?"

तिने कोरी चिठ्ठीही गठ्ठ्यात ठेवली. जेवून गेली. सगळं संपवून.

शुक्रवार, २१ तारीख

काही घडलं नाही. ✗